हात हलवणारी पेशी हाताकडेच कशी जाते?

शाळाबाई | मंगळवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. मी दादरला एका ज्युनिअर कॉलेजात अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. आज चेतासंस्था चालू होती. फळ्यावर मेरुरज्जूचा आडवा छेद काढला, मधे ते फुलपाखरासारखं करडं द्रव्य, त्याच्या पोटाकडच्या भागात मोटर न्यूरॉनचे, म्हणजे स्नायू हलवणाऱ्या चेतापेशींचे, ठिपके. तेवढ्यात शेवटून दुसऱ्या बाकावरच्या मुलीने हात वर केला. वर्षभरात ती पहिल्यांदा बोलली असेल.

"मॅडम, सगळ्या पेशींत डीएनए एकच ना? मग बोट हलवणारी पेशी आणि श्वास घेताना बरगड्या उचलणारी पेशी, दोघी एकाच नळीत जन्मल्या, दिसतातही सारख्या. त्यांना कोणी सांगितलं, तू हाताकडे जा आणि तू छातीकडे?"

मी म्हटलं, "जनुकांची अभिव्यक्ती वेगवेगळी असते." घंटा झाली, मुलं पांगली. पण दादर ते डोंबिवली उभ्याने येताना मला ते उत्तर टोचत होतं. अभिव्यक्ती, म्हणजे कुठली जनुकं चालू आणि कुठली बंद, वेगळी असते म्हणजे तिचाच प्रश्न मी जड शब्दांत तिला परत दिला. ती वेगळी *का* असते? शेजारी शेजारी जन्मलेल्या दोन पेशींत पहिला फरक कोण पाडतं?

पुस्तकात याबद्दल दोन ओळीसुद्धा नाहीत. शुक्रवारी पुन्हा त्याच वर्गावर तास आहे. जाणकारांनी समजावून सांगा, आणि मला बारावीच्या मुलांना सांगता येईल असं सांगा.

वेस्टर्नलाइन | मंगळवार, रात्री ९:५२

रुमाल टाकून ठेवतोय. प्रश्न जबरदस्त आहे. त्या मुलीला माझा नमस्कार सांगा.

पेशीवाली | मंगळवार, रात्री ११:१५

शाळाबाई, तुमच्या विद्यार्थिनीने जे विचारलं त्यावर कोलंबिया विद्यापीठात थॉमस जेसेल यांच्या प्रयोगशाळेने दशकंच्या दशकं काम केलं. माझी पीएचडी कोंबडीच्या गर्भावर झाली, त्यामुळे हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा. जरा सविस्तर लिहिते.

माणसाच्या गर्भात चेतानलिका, म्हणजे जिचा पुढे मेंदू आणि मेरुरज्जू होतो ती नळी, साधारण २८व्या दिवसापर्यंत बंद होते. तेव्हा बऱ्याच आयांना दिवस गेल्याचं नुकतंच कळलेलं असतं. या नळीच्या खाली, म्हणजे पोटाच्या बाजूला, पृष्ठरज्जू नावाची एक कांडी असते. ती 'सॉनिक हेजहॉग' नावाचं प्रथिन सोडते. पुढे नळीचा तळही तेच प्रथिन सोडायला लागतो. तळाशी ते दाट, पाठीकडे जावं तसं पातळ. पाठीकडून दुसरी प्रथिनं उलट दिशेने येत असतात.

आता नळीच्या भिंतीतल्या पेशी एवढंच 'चाखतात' की आपल्याजवळ हे प्रथिन किती आहे आणि किती वेळ आहे. त्याप्रमाणे त्यांच्यातली वेगवेगळी जनुकं चालू-बंद होतात आणि नळीच्या खालच्या अर्ध्या भागात पाच पट्टे तयार होतात. मोटर न्यूरॉन येतात ते खालून दुसऱ्या पट्ट्यातून. तिथे ऑलिग२ नावाचं जनुक चालू असतं. त्याच्या खालच्या पट्ट्यात एनकेएक्स२.२, वरच्या पट्ट्यात आयआरएक्स३. गंमत अशी की शेजारी शेजारी पट्ट्यांतली जनुकं एकमेकांना बंद पाडतात. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, तसं एका पेशीत ऑलिग२ आणि आयआरएक्स३ दोन्ही टिकत नाहीत. म्हणून प्रथिन हळूहळू पातळ होत गेलं तरी पट्ट्यांच्या सीमा सुरीने कापल्यासारख्या स्वच्छ निघतात. तुमच्या 'पहिला फरक कोण पाडतं'चं उत्तर मला तरी इथे दिसतं: आधी जागा, मग त्या जागेचं रसायन, मग जनुकांची आपसातली ओढाताण.

याचा पुरावाही सुंदर आहे. १९९०च्या आसपास कोंबडीच्या गर्भात पृष्ठरज्जूचा एक जादा तुकडा नळीच्या कडेला नेऊन ठेवला, तर तिथे, जिथे एरवी कधीच होत नाहीत तिथे, मोटर न्यूरॉन तयार झाले.

ऑलिग२वाली पेशी विभागायची थांबली की तिच्यात एचबी९, आयलेट१ अशी जनुकं चालू होतात आणि ती मोटर न्यूरॉन ठरते. पण *कुठला* मोटर न्यूरॉन, हे अजून ठरायचं असतं. ते उद्या. डोळे मिटायला लागलेत.

गिरगावकर_काका | बुधवार, सकाळी ६:०५

पेशीवाली, फार नीट लिहिलंस. हॉक्स जनुकांवर आलीस की मी बोलतो.

पेशीवाली | बुधवार, सकाळी ८:२०

घ्या काका, आलेच.

मघाचा सगळा हिशेब पोट ते पाठ या दिशेचा. दुसरा हिशेब डोक्याकडून शेपटीकडे. तो ठेवतात हॉक्स जनुकं. आपल्याकडे ती ३९ आहेत, चार गुणसूत्रांवर चार रांगांत. रांगेतला क्रम आणि शरीरातला क्रम सारखाच! रांगेच्या एका टोकाची जनुकं मानेजवळ चालू, दुसऱ्या टोकाची शेपटीजवळ. कुठली कुठे चालू व्हायची हे पुन्हा रसायनच ठरवतं. शेजारच्या ऊतींतून रेटिनॉइक आम्ल येतं, शेपटीकडून एफजीएफ नावाचं प्रथिन.

मोटर न्यूरॉनपुरतं बोलायचं तर हातांच्या पातळीवर हॉक्ससी६, छातीच्या पातळीवर हॉक्ससी९, पायांच्या पातळीवर हॉक्स१० गटातली जनुकं. सी६ आणि सी९ पुन्हा एकमेकांना दाबतात. उंदरात हॉक्ससी९ काढून टाकलं तर छातीच्या पातळीवरचे मोटर न्यूरॉन हातापायांच्या न्यूरॉनसारखे वागायला लागतात. तिथे हात नाही, पाय नाही, पण पेशी मात्र हाताच्या तयारीत.

हॉक्सला हे काम करायला एक जोडीदार लागतो, फॉक्सपी१ नावाचं प्रथिन. हातापायांकडे जाणाऱ्या न्यूरॉनमध्ये तो भरपूर असतो. २००८ साली दोन गटांनी उंदरात तो काढून पाहिला. तर ते न्यूरॉन आपली ओळख विसरून बरगड्यांकडे जाणाऱ्या न्यूरॉनसारखे झाले. बाईंच्या विद्यार्थिनीने नेमक्या याच दोन पेशी विचारल्या आहेत, म्हणून हा प्रयोग तिला जरूर सांगा.

वेस्टर्नलाइन | बुधवार, सकाळी ९:०२

बोरिवली फास्टमध्ये उभ्याने वाचतोय आणि एकदम डोक्यात प्रकाश पडला. हा तर मुंबईचा पत्ता आहे! आपण काय सांगतो? 'घाटकोपर पश्चिम', 'गोरेगाव पूर्व'. स्टेशन आणि बाजू, दोन गोष्टी सांगितल्या की माणूस बरोबर पोचतो. हॉक्स म्हणजे स्टेशन, हेजहॉग म्हणजे पूर्व की पश्चिम. बरोबर ना?

शाळाबाई | बुधवार, दुपारी १:३०

वेस्टर्नलाइन, हे मी शुक्रवारी जसंच्या तसं वापरणार. पेशीवाली, किती आभार मानू! स्टाफरूममध्ये डबा खाता खाता वाचलं, शेजारच्या केमिस्ट्रीच्या मॅडमनाही वाचून दाखवलं.

तर्कट | बुधवार, दुपारी ३:१०

उदाहरण गोड आहे, पण मला पटत नाही. घराला आपला पत्ता माहीत नसतो, पोस्टमनला माहीत असतो. इथे पोस्टमन कोण? पेशीने स्वतःचा पत्ता स्वतः कसा वाचायचा?

आणि दुसरं. तुम्ही सगळे धरून चालला आहात की न्यूरॉन आधीच ठरवून निघतो. उलटंही असू शकतं. चेतातंतू निघाले, जो ज्या स्नायूला भिडला त्या स्नायूने त्याला सांगितलं 'तू आता माझा'. म्हणजे ओळख स्नायू देतो, जनुकं नंतर बदलतात. आजकाल सगळं जनुकांवर ढकलायची सवय लागली आहे, म्हणून विचारतो.

वेस्टर्नलाइन | बुधवार, दुपारी ३:४५

पहिल्याचं उत्तर माझ्याकडे आहे. आमच्या लहानपणी पार्ल्याला गाडी आली की डोळे मिटलेले असले तरी कळायचं, बिस्किटांच्या भाजण्याचा वास यायचा. अंधेरी सुटली की हलका, पार्ल्याला दाट, सांताक्रूझ आलं की गेला. पत्ता कोणी सांगायला लागत नव्हता, नाकाला कळायचा. पेशीवालीताई ज्याला 'चाखतात' म्हणाल्या ते हेच असणार.

पेशीवाली | बुधवार, संध्याकाळी ५:००

अगदी हेच. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर काकांनी द्यावं, तो त्यांचा प्रांत.

गिरगावकर_काका | बुधवार, रात्री १०:३०

तर्कट, शंका रास्त आहे, आणि नेमकी हीच शंका लिन लँडमेसर आणि सिंथिया लान्स-जोन्स या दोघी संशोधकांनी कोंबडीच्या अंड्यात तपासली. पण आधी अंड्याबद्दल थोडं, कारण त्याशिवाय प्रयोगाची कमाल कळणार नाही.

मी तीस वर्षं टी.वाय.ला प्राणिशास्त्राची प्रॅक्टिकल्स घेतली. कोंबडीच्या गर्भाच्या २४, ३३, ४८ आणि ७२ तासांच्या स्लाइड्स मुलं ओळखायची. पण जिवंत गर्भ दाखवायची मला हौस. दुकानातली अंडी त्यासाठी चालत नाहीत, त्यांत गर्भच नसतो. हॅचरीतून फलित अंडी आणायची, ३८ अंशांच्या आसपास उबवायची. तिसऱ्या दिवशी अंडं आडवं ठेवून सिरिंजने दोन-तीन मिलिलिटर पांढरं काढून घ्यायचं, म्हणजे गर्भ कवचापासून खाली उतरतो. मग बारीक कात्रीने कवचाला रुपयाएवढी खिडकी पाडायची. आत पिवळ्यावर लाल जाळी पसरलेली असते आणि मधे मोहरीएवढं हृदय धडधडत असतं. त्या क्षणी पूर्ण बॅच गप्प व्हायची. नीट पाहिलं तर अंगाच्या दोन्ही कडांना किंचित फुगवटे दिसतात. ते पंख आणि पाय. त्यांत स्नायू नाही, हाड नाही, नुसती कळी.

एका वर्षी रात्रीत इनक्युबेटरचा थर्मोस्टॅट अडकला, चार डझन अंडी गेली. सकाळी उघडली तर एकाही अंड्यात हृदय हलत नव्हतं. त्या बॅचला नुसत्या स्लाइड्स दाखवाव्या लागल्या. आजही रुखरुख आहे.

असो. या दोघींनी १९८०-८१च्या सुमारास काय केलं, तर उबवणीच्या साधारण अडीच दिवसांच्या गर्भात पायाच्या पातळीवरचा चेतानलिकेचा छोटा तुकडा कापला आणि उलटा करून बसवला, पुढचं टोक मागे, मागचं पुढे. पायात स्नायू व्हायच्या आधी! चेतातंतू निघाले तेव्हा ते चुकीच्या जागेवरून निघत होते. स्नायूच ओळख देत असेल तर जो जवळ तो पकडायला हवा. पण ते वाट वाकडी करून आपापल्या मूळच्या स्नायूकडे गेले. म्हणजे निघण्याआधीच त्यांना ठाऊक होतं.

तर्कट | गुरुवार, सकाळी ७:५०

काका, हे वाचून थक्क झालो. मान्य. पण 'निघण्याआधी' म्हणजे कधीपासून? आणि स्नायूचा काहीच वाटा नाही?

पेशीवाली | गुरुवार, सकाळी ९:३०

तर्कट, आता तुमच्या बाजूने बोलते, कारण तुम्हीही अर्धे बरोबर आहात.

कधीपासून: चेतानलिका नुकती बंद होत असताना हाताचा तुकडा छातीच्या जागी लावला, तर तो नव्या जागेप्रमाणे बदलतो. आजूबाजूच्या ऊती त्याला नवा पत्ता देतात. थोडा उशीर केला तर मात्र तो जुनाच पत्ता धरून बसतो. काकांच्या प्रयोगातला तुकडा उशिराचा.

स्नायूचा वाटा: प्रत्येक स्नायूकडे जाणाऱ्या न्यूरॉनचा एक गट असतो. अशा काही गटांत पीईए३, ईआर८१ ही जनुकं चालू होतात, पण केव्हा? चेतातंतू हातापायाच्या कळीत पोचल्यावर. कळी आधीच कापून टाकली तर ती चालूच होत नाहीत. पीईए३ला चालू करणारा निरोप जीडीएनएफ नावाचं प्रथिन देतं आणि ते हातापायातून येतं. पण तो निरोप ऐकायची तयारी कुठल्या पेशीत आहे, ते आधीच हॉक्सने ठरवलेलं असतं.

आणि कालच्या माझ्या लिहिण्यात एक दुरुस्ती. फॉक्सपी१ काढल्यावर न्यूरॉन बरगडीवाल्यांसारखे होतात हे खरं, पण त्यांचे तंतू हातापायात शिरतातच. आत शिरल्यावर कुठल्या स्नायूकडे जायचं याचा गोंधळ होतो. घाईत ते लिहायचं राहिलं होतं.

तर्कट | गुरुवार, सकाळी ९:४१

आता पटलं. धन्यवाद दोघांनाही.

फिजिओ_प्राची | गुरुवार, दुपारी २:१५

मी लहान मुलांची फिजिओथेरपी करते. हा धागा माझ्या रोजच्या कामाला इतका लागून आहे की लिहिल्याशिवाय राहवत नाही.

श्वासपटलाला हलवणारे न्यूरॉन छातीत नसतात, मानेत असतात, तिसऱ्या ते पाचव्या खंडात. कॉलेजात हे नुसतं पाठ केलं होतं. नंतर कळलं की या न्यूरॉनना हॉक्स५ गटाची जनुकं लागतात. उंदरांच्या मोटर न्यूरॉनमधून ती काढली तर पिल्लं जन्मतात पण श्वास घेऊ शकत नाहीत, जन्मताच जातात. जनुकाच्या एका निरोपावर पहिला श्वास अवलंबून!

माझ्याकडे एसएमए (स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रोफी, स्नायू दुबळे करणारा आनुवंशिक आजार) झालेली मुलं येतात. १६ कोटींच्या इंजेक्शनच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील, तोच आजार. त्यांत मात्र ओळखीचा घोटाळा नसतो. न्यूरॉन बरोबर जागी, बरोबर स्नायूला जोडलेले असतात. एसएमएन१ जनुक बिघडल्याने त्यांना जगायला लागणारं प्रथिन पुरेसं बनत नाही. ते प्रथिन सगळ्याच पेशींना लागतं, पण सगळ्यात जास्त भोगतात ते मोटर न्यूरॉन. पालक विचारतात, 'पोटात असताना माझं काही चुकलं का?' त्यांना मी दरवेळी ठामपणे सांगते, नाही. हे इथेही लिहून ठेवते, कोणीतरी वाचत असेल.

चालता_बोलता | गुरुवार, रात्री ८:५०

मी इथे फारसं लिहीत नाही. मला दीड वर्षाचा असताना पोलिओ झाला. उजवं पाऊल घोट्यातून वर उचलत नाही, पण खाली दाबता येतं. शेजारी शेजारी दोन स्नायू, एक पूर्ण गेला आणि एक शाबूत, हे कोडं मला लहानपणापासून आहे. विषाणूने निवडून मारलं का? पेशीवालीताईंचं 'प्रत्येक स्नायूचा एक गट' हे वाचलं आणि पहिल्यांदा चित्र डोळ्यासमोर आलं. त्याचा याच्याशी संबंध आहे का?

पेशीवाली | गुरुवार, रात्री १०:१०

आहे. पोलिओचा विषाणू नेमके मेरुरज्जूतले मोटर न्यूरॉन मारतो, आणि ते नुकसान सलग नसतं, ठिगळाठिगळाने असतं. एका स्नायूचे न्यूरॉन उभ्या पातळ खांबासारखे एकत्र असतात. पाऊल उचलणाऱ्या स्नायूचा खांब वेगळा, पोटरीचा वेगळा. तुमच्या बाबतीत एक खांब सापडला, दुसरा वाचला. आणखी एक: जे थोडे न्यूरॉन वाचतात ते नव्या फांद्या काढून शेजारच्या अनाथ स्नायुतंतूंना आपल्यात घेतात. त्यामुळे दुखण्यानंतर ताकद थोडीफार परत येते. हे न्यूरॉन पुढची अनेक वर्षं दुप्पट-तिप्पट काम करत असतात. म्हणून आता पायाला दमवू नका. प्राचीताई याबद्दल जास्त सांगतील.

फिजिओ_प्राची | गुरुवार, रात्री १०:३५

दादा, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते. वयाप्रमाणे पाय जास्त दमायला लागला असेल तर अंगावर काढू नका.

वरळीची_पोर | गुरुवार, रात्री ११:२०

अवांतर वाटेल, पण विचारते. आमच्याकडे जाळ्यात पाकट येतं. त्याला ना हात ना पाय, नुसते पंखे. त्याच्यात ही हातापायाची जनुकं काय करतात?

पेशीवाली | शुक्रवार, सकाळी ७:१५

अजिबात अवांतर नाही! पाकटाचा एक चुलतभाऊ अटलांटिकमध्ये असतो, स्केट. तो समुद्राच्या तळाशी मागच्या परांच्या जोडीने एकाआड एक पाऊल टाकल्यासारखा चालतो. २०१८ साली त्याचा मेरुरज्जू तपासला, तर परांकडे जाणाऱ्या मोटर न्यूरॉनमध्ये हॉक्स आणि फॉक्सपी१ची तीच जुळणी सापडली. त्याचा आणि आपला सामाईक पूर्वज ४० कोटी वर्षांहून जुना. म्हणजे जमिनीवर पाय यायच्या कितीतरी आधी चालण्याची चेतांमधली मांडणी पाण्यात तयार होती.

वरळीची_पोर | शुक्रवार, सकाळी ७:२२

आज आईला सांगते. उद्यापासून पाकट कापताना हात थबकणार माझा.

शाळाबाई | शुक्रवार, संध्याकाळी ६:४५

तास झाला. आज पुस्तक उघडलंच नाही. फळ्यावर आडवी नळी काढली, तिच्यावर दादर, पार्ले, बोरिवली लिहिलं, खाली पश्चिम, वर पूर्व. 'पार्ले पश्चिम' म्हटल्यावर मागून दोघं ओरडले, "छातीचा मोटर न्यूरॉन!" बिस्किटांचा वास या मुलांनी कधी घेतलेला नाही, कारखाना बंद होऊन बरीच वर्षं झाली. पण आई-आजोबांकडून ऐकलेलं सगळ्यांनी.

त्या मुलीला पुढे बोलावलं आणि काकांचा उलट्या तुकड्याचा प्रयोग तिलाच खडूने काढायला लावला. तिने तंतू बरोबर वळवले. मग खडू हातात तसाच धरून म्हणाली, "मॅडम, हाताची कळीच कापून टाकली, तर हाताकडे निघालेल्या पेशी कुठे जातील?"

काका, हे तुमच्यासाठी.

गिरगावकर_काका | शुक्रवार, रात्री ८:१०

मरतात. व्हिक्टर हॅम्बर्गर यांनी १९३४ साली कोंबडीच्या गर्भाची पंखाची कळी कापली, तेव्हा त्या बाजूला मोटर न्यूरॉन कमी भरले. ते का, हे रिटा लेव्ही-मोंताल्चिनी यांनी इटलीत युद्धाच्या काळात, घरच्या झोपायच्या खोलीत अंडी उघडून शोधलं: पेशी तयार होतात, निघतात, पण पोचायला ठिकाण नसल्याने मरतात. पुढे त्यांना १९८६ साली चेतापेशींच्या वाढीच्या प्रथिनासाठी नोबेल मिळालं. अगदी निरोगी गर्भातही सुमारे निम्मे मोटर न्यूरॉन असेच जातात. आधी भरपूर तयार होतात, मग जे जोडले जातात ते राहतात.

बाई, माझ्याकडे जुन्या स्लाइड्सची लाकडी पेटी अजून आहे, कपाटात वरच्या फळीवर. सूक्ष्मदर्शक कॉलेजात असेलच. पुढच्या आठवड्यात कुठल्या दिवशी येऊ? ७२ तासांची स्लाइड आधीच वेगळी काढून पुसून ठेवतो, हाताची कळी तिच्यात दिसते. ती पहिल्यांदा त्या मुलीने पाहायची.

शाळाबाई | शुक्रवार, रात्री ८:१४

बुधवार, साडेअकरा. दादरला पूर्वेकडून उतरा काका, मी जिन्याशी उभी राहीन.